रोग लपविणाऱ्याचा दोष

साथीच्या रोगाचा विचार आपण बहुधा वैद्यकाच्या किंवा राज्यकारभाराच्या अंगाने करतो. रोगाचे जंतू कोणते, ते पसरतात कसे, सरकार कोठे चुकले, हे प्रश्न महत्त्वाचे आहेत यात शंका नाही. परंतु या सर्वांच्या मुळाशी नीतीचा एक प्रश्न असतो व त्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. घरात साथीचा रोगी आहे आणि घरच्या मंडळींनी तो लपविला, तर त्यांनी पाप केले की नाही? केले असेल, तर ते सर्वस्वी त्यांचेच काय?

प्रथमदर्शनी उत्तर सोपे वाटते. एका रोग्यापासून दोघांस, दोघांपासून चौघांस, अशी बाधा होत गेली, तर दहाव्या फेरीस एकाचे एक हजार चोवीस होतात. पहिल्या फेरीत दोन माणसे वेगळी ठेवून जे साधते, ते दहाव्या फेरीत हजार माणसे कोंडूनही साधत नाही. आरंभी वेळेवर कळलेले एक सत्य हे मागाहून उभारलेल्या शंभर रुग्णालयांहून मोलाचे असते. असे असता जो ते सत्य दडवितो, तो आपल्या घराच्या सोयीसाठी शेजाऱ्याचा जीव पणास लावतो, असे कोणी म्हटले तर त्यास उत्तर काय द्यावयाचे?

उत्तर देण्यापूर्वी, माणसे रोग का लपवितात हे पाहिले पाहिजे. आणि त्यासाठी आपल्याच प्रांतात घडलेल्या गोष्टीपेक्षा चांगले उदाहरण मिळणार नाही.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ गाब्रिएल व्हिएगस या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी काही रोग्यांच्या गाठी व ताप पाहून हा प्लेग आहे असे निदान केले व ते उघड सांगितले. त्यांच्या म्हणण्यावर एकदम विश्वास बसला नाही. बंदराच्या शहरात प्लेगचे नाव उच्चारणे म्हणजे व्यापारावर कुऱ्हाड घालणे. तेव्हा हे निदान खोटे ठरले तर बरे, असेच पुष्कळांस वाटले असल्यास नवल नाही. इतर तज्ज्ञांकडून तपासणी झाली आणि निदान खरे ठरले.

येथवर दोष संशयाचा होता. पुढे जे घडले ते निराळे. ऑक्टोबरात रोग्यांस सक्तीने रुग्णालयात नेण्याचे अधिकार नगरपालिकेने आपल्या हाती घेतले. रुग्णालयात गेलेला परत येत नाही, अशी लोकांची समजूत. आणि प्लेगात मरणारेच अधिक असल्यामुळे अनुभवही तसाच. महिन्याच्या अखेरीस गिरणीकामगारांच्या जमावाने आर्थर रोडवरील रुग्णालयावर हल्ला केला. पुढे लाखो माणसे शहर सोडून गावोगाव गेली व त्यांच्याबरोबर रोगही गेला. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथीच्या रोगांचा कायदा झाला. त्यानंतर पुण्यात रँडसाहेबांच्या हाताखाली गोऱ्या सैनिकांनी घरोघर शिरून झडत्या घेतल्या. माजघरे, देवघरे उघडली गेली. सामान जाळले गेले. रोगी रुग्णालयात आणि त्याचे आप्त सेग्रिगेशनच्या छावणीत, अशी घराची फाटाफूट झाली. २२ जूनच्या रात्री रँड यांच्यावर गोळी झाडली गेली, हा इतिहास सर्वांस ठाऊक आहे.

आता त्या काळातील पुण्याच्या एखाद्या गृहस्थाच्या जागी आपणांस कल्पून पाहावे. मुलाच्या काखेत गाठ आली आहे. सांगितले, तर मूल हातचे जाणार, बायको छावणीत जाणार, घराची धूळधाण होणार. आणि एवढे होऊन मूल वाचेल याची हमी कोणीच देत नाही. न सांगितले, तर निदान त्याचे डोके आईच्या मांडीवर राहील. या गृहस्थास आपण कोणत्या तोंडाने पापी म्हणणार? आणि तरीही शेजारच्या घरात लहान मूल आहे, हे त्यासही ठाऊक असते. म्हणून त्यास निर्दोषही म्हणता येत नाही. दोष आहे, पण त्याचा मोठा भाग त्याच्याकडून सत्य मागणाऱ्याच्या माथी जातो, असे माझे मत आहे.

सत्य सांगणे हा एकट्याचा धर्म नव्हे, तो जोडधर्म आहे. सांगणाऱ्याने सांगावे आणि ऐकणाऱ्याने सांगणाऱ्याचा घात करू नये, अशी त्याची दोन अंगे आहेत. दुसरे अंग तुटले की पहिले लुळे पडते. याचा विलक्षण दाखला त्याच वर्षी मिळाला. गोपाळराव गोखले इंग्लंडात होते. पुण्याहून आलेल्या पत्रांच्या आधारे त्यांनी सैनिकांच्या अत्याचारांविषयी तेथे जाहीर आरोप केले. परत आल्यावर पुरावा पुढे येईना. पत्रलेखकांची नावे सांगणे त्यांस योग्य वाटेना. अखेर त्यांस जाहीर माफी मागावी लागली. जेथे सांगणाऱ्यास संरक्षण नाही, तेथे रोग लपतो तसा अन्यायही लपतो, आणि खरे-खोटे निवडण्याचे साधनच समाजाच्या हातून जाते.

यावर असा आक्षेप येईल की, साथीत वेळ थोडा असतो. प्रत्येकाची मनधरणी करीत बसले तर गाव बुडेल. तेव्हा सक्ती ही कडू असली तरी औषधच आहे. या आक्षेपात तथ्य आहे. सक्ती कधीच करू नये, असे मी म्हणत नाही. खुद्द टिळकांनीही रोग्यांस वेगळे ठेवण्यास विरोध केला नाही; त्यांचा विरोध जुलमास होता, आणि हिंदूंसाठी वेगळे प्लेग-रुग्णालय काढण्यात त्यांनी पुढाकार घेतला. परंतु ज्याला सक्ती करावयाची त्याने आपले ज्ञान कितपत आहे हेही तपासले पाहिजे. यर्सिन यांनी १८९४ साली हाँगकाँगमध्ये प्लेगचा जंतू शोधला होता. पण तो माणसात शिरतो कसा, हे १८९७ साली कोणास नक्की ठाऊक नव्हते. उंदरावरील पिसवा त्याचे वाहन आहेत, हे सिमों यांनी कराचीत १८९८ साली दाखविले आणि ते सर्वमान्य होण्यास आणखी कित्येक वर्षे गेली. म्हणजे सैनिक ज्या घरात माणसे धुंडाळीत होते, त्याच घरात उंदीर आणि पिसवा निर्वेध वावरत होत्या. अज्ञान हा दोष नव्हे. अज्ञानावर खात्रीचा मुखवटा चढवून दुसऱ्याच्या माजघरात शिरणे हा दोष.

म्हणून सक्तीच्या प्रत्येक उपायास एक कसोटी लावावी: या उपायाने उद्या अधिक लोक रोग सांगतील की अधिक लोक लपवितील? केरळातील कोळिकोड जिल्ह्यात मे २०१८ मध्ये एकाच कुटुंबातील दुसरा रोगी मेंदूच्या तापाने आजारी पडताच डॉक्टरांस शंका आली. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने निपाह विषाणूची खात्री केली आणि सरकारने ते नाव न दडविता लगेच जाहीर केले. खात्री झालेल्या १८ रोग्यांपैकी १६ दगावले, इतका तो रोग भयंकर. तरीही संपर्कात आलेल्या दोन हजारांहून अधिक लोकांवर लक्ष ठेवून ती साथ काही आठवड्यांत आटोक्यात आली. उलट, वूहानचे डॉ. ली वेनलियांग यांनी डिसेंबर २०१९ च्या अखेरीस आपल्या सहकाऱ्यांस सावध केले, तेव्हा पोलिसांनी त्यांस बोलावून समज दिली. ७ फेब्रुवारी २०२० रोजी ते त्याच रोगाने मरण पावले. रोग लपविणारा नेहमी घरातलाच असतो असे नाही. कधी कधी राज्यही रोग लपविते, आणि मग दोषाचे माप फार मोठे होते.

पण सर्व भार सरकारवर टाकून आपण सुशिक्षितांनी मोकळे होऊ नये. २०२० साली रोग्यांची शुश्रूषा करून परतणाऱ्या परिचारिकांस शेजाऱ्यांनी घरात येऊ दिले नाही, अशा बातम्या देशातील अनेक शहरांतून आल्या. ते शेजारी अडाणी नव्हते. ज्याने दाराशी आलेल्या परिचारिकेस अडविले, त्याने त्या इमारतीतील प्रत्येक बिऱ्हाडास एक धडा दिला: ताप आला तर बोलू नका. सावित्रीबाई फुले यांना प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना तोच रोग जडला व १० मार्च १८९७ रोजी त्यांचा अंत झाला. तेवढे धैर्य प्रत्येकापाशी असावे असे कोणी म्हणणार नाही. परंतु रोग्यास उचलून घेणे आपल्या हातून होत नसेल, तरी रोग सांगणाऱ्यास न हाकलणे हे तरी आपल्या हाती आहे.

साथीच्या आरंभी सत्याचे मोल सर्वांत अधिक असते आणि तेव्हाच ते सांगणाऱ्यास सर्वांत महाग पडते. कारण तो एकटा असतो. ज्या सत्याचा लाभ साऱ्या गावास होतो, त्याची किंमत एकाच घराने भरावी हा न्याय नव्हे. पहिल्या सांगणाऱ्याची मजुरी बुडाली तर ती कोणी द्यावयाची, त्याच्या मुलांस जेवण कोणी पोहोचवावयाचे, त्याचे दार पुन्हा उघडेपर्यंत त्याच्याशी बोलावयाचे कोणी, हे साथ येण्यापूर्वीच ठरवून ठेवले पाहिजे. ते ठरवून, पाळूनही कोणी रोग लपविला, तर मात्र त्यास खुशाल दोषी म्हणावे.