एका लहान देशातून जाताना

युरोपच्या सहलीहून परतलेल्या आपल्या मंडळींच्या फोटोंत स्वित्झर्लंडनंतर एखादा फोटो लिश्टनस्टाइनचा असतो. मागे कड्यावर राजवाडा, पुढे हसरे कुटुंब. "तासाभरात देश पाहून झाला," असे ते कौतुकाने सांगतात.

देश आहे तरी केवढा? १६० चौरस किलोमीटर. लांबी जेमतेम २५ किलोमीटर, एका अंगाला ऱ्हाइन नदी, दुसऱ्या अंगाला आल्प्सचे डोंगर. विमानतळ नाही. झुरिकहून आगगाडीने यायचे, पुढे बस धरायची. नदीवरचा पूल ओलांडला की देश बदलतो, पण पासपोर्ट कोणी विचारत नाही. हौस असेल तर राजधानी फाडुत्समध्ये पैसे देऊन पासपोर्टवर शिक्का मारून मिळतो! बहुसंख्य लोक कॅथोलिक. १९९७ पासून देशाला स्वतंत्र महाधर्मप्रांतही आहे. सैन्य मात्र नाही. ते १८६८ सालीच मोडीत काढले.

अशा देशाच्या ऑस्ट्रियाकडच्या सीमेवर, १९४५ च्या मे महिन्यात एका रात्री, सुमारे पाचशे रशियन माणसे येऊन उभी राहिली. बहुतेक सैनिक, सोबत काही बायकाही. निष्पाप निर्वासित म्हणावेत तर तसे नव्हते. जर्मन सैन्याच्या बाजूने, स्वतःच्याच देशाविरुद्ध ते लढले होते. स्टॅलिनच्या सरकारने त्यांना परत मागितले. ब्रिटन आणि अमेरिकेसारखी बलाढ्य राष्ट्रे याल्टाच्या कराराप्रमाणे असे लोक हजारोंनी सोपवत होती. बारा हजार वस्तीच्या या देशाने त्यांची शस्त्रे काढून घेतली, खायला दिले आणि जबरदस्तीने कोणालाही पाठवण्यास नकार दिला. ज्यांनी स्वतः जायचे ठरवले ते गेले. उरलेल्यांपैकी बरेचजण १९४७ मध्ये अर्जेंटिनाला रवाना झाले.

हे योग्य झाले का? ज्यांची घरे जर्मनांनी जाळली, त्या रशियन कुटुंबांना काय वाटले असेल? प्रश्न सोपा नाही. तरीही आम्हांला वाटते, एखाद्याला निर्दोष म्हणणे वेगळे आणि त्याला बिनचौकशीच्या मरणाकडे न ढकलणे वेगळे. दारात उभ्या असलेल्याचे चारित्र्य तपासूनच भाकरी द्यायची म्हटली, तर आपल्यापैकी कितीजण उपाशी राहतील?

पण गोष्ट इथेच थांबवली तर ती खोटी होईल. त्याच सीमेवरून, त्याआधीच्या वर्षांत, नाझींच्या तावडीतून पळालेल्या काही ज्यूंना परत पाठवण्यात आले होते. देशाने स्वतःच नेमलेल्या इतिहासकारांच्या आयोगाने २००५ साली हे मांडले. राजघराण्याच्या ऑस्ट्रियातील जमिनींवर छळछावणीतील ज्यूंकडून वेठबिगारी करून घेतली गेली, हेही त्यात आले. स्वतःच्या घरातले असे उकरून काढायला धैर्य लागते, तेवढे श्रेय द्यायला हवे.

"आपण लहान माणसे, आपल्या हाती काय?" असे आपण सहज म्हणतो. ज्यूंना परतवले तेव्हाही हा देश लहान होता आणि रशियनांना ठेवून घेतले तेव्हाही तेवढाच लहान होता.

त्या पाचशे जणांच्या आठवणीचे स्मारक उत्तरेकडे, हिंटरशेलेनबर्ग या डोंगरावरच्या वस्तीत आहे. सहलीची गाडी फाडुत्सहून मागे फिरते, तिथवर जात नाही. गावाची साधी बस मात्र जाते.