रझाकार या शब्दाचे काय करायचे?

उर्दूत रझाकार म्हणजे स्वयंसेवक. रझा म्हणजे मर्जी. आपल्या मर्जीने कामाला उभा राहतो तो रझाकार. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. भर पावसात डोंगर चढून जी माणसे मदतीला धावली, त्यांना उर्दूत रझाकारच म्हणतात. आमच्या उर्दू शाळांतली मुलेही निबंधात तसेच लिहितात. पण तोच शब्द मराठीच्या तासाला उच्चारायला आम्ही शिक्षक कचरतो. मराठीत रझाकार म्हणजे लुटारू, गावे जाळणारा. मराठवाड्याने तो अर्थ भोगलेला आहे.

आम्ही कर्जत-खालापूरकडचे मुसलमान. १९४८ साली हा मुलूख मुंबई प्रांताच्या कुलाबा जिल्ह्यात होता, निजामाच्या राज्यात नव्हता. तरी भांडणात हा शब्द आमच्या अंगावर फेकला जातो, आणि "ते हैदराबादचे, आमचे काय?" म्हणून आम्ही मोकळे होतो. उत्तर खोटे नाही, पण अपुरे आहे. मर्जीने उभा राहिलेला माणूस मारेकरी कसा होतो, आणि त्याच्या हातून झालेला खून कोणाच्या नावावर लिहायचा, हा प्रश्न तसाच उरतो.

रझाकार ही मजलिस-ए-इत्तेहादुल मुसलमीनची स्वयंसेवक संघटना. लातूरला वकिली करणारा कासिम रझवी तिचा पुढारी. १९४६ पासून तेलंगणातले शेतकरी कम्युनिस्टांच्या नेतृत्वाखाली देशमुखांविरुद्ध, वेठबिगारीविरुद्ध उठले होते. स्टेट काँग्रेसचे लोक भारतात सामील होण्यासाठी लढत होते. निजामाजवळ फौज होती, पोलीस होते. मग रझाकार कशाला लागले? आम्हाला वाटते, सगळी मेख इथेच आहे. शिपायाच्या बंदुकीला नंबर असतो, गोळीचा हिशेब द्यावा लागतो, वर अधिकारी असतो. रझाकार पोलिसांबरोबर गावात शिरतो, पण सरकारी कागदावर तो कुणीच नसतो. सरकारला विचारावे तर ते म्हणते, हा लोकांचा राग. त्याला विचारावे तर तो म्हणतो, आम्ही मुल्कासाठी केले. खून होतो आणि खुनी सापडत नाही.

उर्दू तेव्हा दोन्ही बाजूंना होती. शायर मखदूम मोहिउद्दीन तेलंगणाच्या लढ्यात कम्युनिस्टांचे पुढारी होते. 'इमरोज' या उर्दू दैनिकाचे तरुण संपादक शोएबुल्ला खान रझाकारांविरुद्ध लिहीत राहिले. ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादेत त्यांचा खून झाला, लिहिता हात तोडला गेला. ही नावे आपण सभासंमेलनांत प्रमाणपत्रासारखी दाखवतो, ते आम्हाला रुचत नाही. शोएबुल्लांनी आपल्याच माणसांना सुनावले होते. आपण ते ऐकले का, एवढेच पाहावे.

कासिम रझवीला शिक्षा झाली ती बीबीनगरच्या दरोड्याबद्दल. १९५७ मध्ये सुटून तो पाकिस्तानात गेला. सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईनंतर सूड उगवला गेला तो मागे राहिलेल्या सामान्य मुसलमानांवर. सुंदरलाल समितीने मृतांचा अंदाज २७ ते ४० हजार दिला आणि तो अहवाल कित्येक दशके दडून राहिला. त्या खुनांनाही खुनी सापडले नाहीत.

इंडोनेशियात १९६५-६६ मध्ये लष्कराने कम्युनिस्टांच्या कत्तलीत स्थानिक तरुणांना पुढे केले. पूर्व जावात नहदतुल उलेमाच्या 'अन्सोर' या युवक संघटनेची पोरे त्यात होती. मारणारे मुसलमान, मरणारेही बहुतेक मुसलमान. सर्वसाधारण अंदाज पाच लाखांचा, काहींचा त्याहून मोठा. याच जमातीचे पुढारी राहिलेले राष्ट्राध्यक्ष अब्दुर्रहमान वाहिद यांनी २००० साली माफी मागितली. लष्कराने मागितली नाही.

कुणी म्हणेल, भाई कोतवालही सरकारी शिपाई नव्हतेच. खरे आहे. माथेरानच्या या वकिलाने आझाद दस्ता उभारला, मुंबईला वीज नेणारे मनोरे पाडले. पण त्यांच्या पाठीशी सरकार नव्हते, समोर होते. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर त्यांनी आपल्या मर्जीची किंमत स्वतः मोजली.

आणि गडचिरोलीला लागून असलेल्या बस्तरात काय झाले? २००५ मध्ये तिथे नक्षलवाद्यांविरुद्ध 'सलवा जुडूम' सुरू झाले. पुढारी काँग्रेसचे महेंद्र कर्मा, राज्य भाजपचे. या कामात दोघांचे जमले. नक्षलवादीही निर्दयपणे मारत होते, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण त्यावर उपाय म्हणून आदिवासी पोरांना विशेष पोलीस अधिकारी म्हणून बंदुका दिल्या. गावे जळाली, माणसे छावण्यांत नाहीतर सीमेपार गेली. ५ जुलै २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हे घटनाबाह्य ठरवले. त्याच वर्षी राज्याने कायदा करून याच पोरांना सहायक दलात घेतले. कर्मांना नक्षलवाद्यांनी २५ मे २०१३ रोजी झिरम घाटीत मारले.

त्या भरतीत पाचवी पास असलेल्यांना प्राधान्य होते. मानधन महिना ३,००० रुपये. पाचवी पास म्हणजे किती शिकलेला, हे आम्हाला ठाऊक आहे. आमच्या वर्गातली ती मुले अजून अर्ज लिहिताना दुसऱ्याचे पाहून लिहितात. बंदूक घेताना त्या पोरांनी कागदावर सही केली असेल, किंवा अंगठा उठवला असेल. त्याला रझा म्हणायला आमची जीभ रेटत नाही.