चावडीवरची शिवी

बोईसर स्टेशनाबाहेर शेअर रिक्षात बसलं की दोन संबोधनं हमखास कानावर पडतात. तारापूर एमआयडीसीत शिफ्टला निघालेला उत्तर भारतीय कामगार म्हणजे ‘भय्या’, आणि रानभाजीची पाटी घेऊन आलेली वारली बाई म्हणजे ‘हे जंगलातले लोक’. बोलणारा रागावलेला नसतो, सहज बोलतो. मागे एकदा त्या बाईला सरकून बसायला सांगताना रिक्षावाला असंच काही बोलला. मी सुट्टे मोजत होतो. मोजतच राहिलो.

हीच माणसं, म्हणजे आपणच, रात्री घरी जाऊन विकिपीडियावर लिहितो. मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला. तिथल्या संपादकांना पगार नाही. सगळ्यांनी मिळून बोलायच्या पानाला तिथे ‘चावडी’ म्हणतात, खोडसाळ बदल एका टिचकीत परतवण्याला ‘द्रुतमाघार’, आणि खातं बंद करायचा अधिकार हाती असलेले ते ‘प्रचालक’. कातकरी जमातीवरच्या लेखात कुणी शिवी घातली तर काम सोपं असतं. माघार, ताकीद, पुन्हा केलं तर खातं बंद. नोकरी सांभाळून हे करणाऱ्याला त्यासाठी झोप मोडावी लागत नाही.

झोप मोडतो तो सभ्य माणूस. तो शिवी देत नाही, संदर्भ देतो. तो संदर्भ म्हणजे ठाणे जिल्ह्याचं १८८२ चं गॅझेटियर. प्रताधिकार कधीच संपलेला, उचलायला मोकळं. अख्ख्या जमातीचा स्वभाव एका वाक्यात उरकायची त्या काळच्या इंग्रज साहेबांना खोडच होती: अमके चोरटे, तमके दारुडे. ते वाक्य मराठीत आणून खाली तळटीप लावली, की शिवीची माहिती होते. काढायला जावं तर उत्तर तयार: ‘संदर्भ आहे, काढता कशाला?’ आणि पंचाईत अशी, की संदर्भ मागणारा विकिपीडियाचा नियम त्याच्याच बाजूने बोलतो.

पण साहेबाला हे सांगितलं कुणी? गावात साहेबाशी बोलणारा माणूस बहुधा सावकार किंवा खोत. १९४५ साली तलासरी, उंबरगाव, डहाणू भागातल्या वारल्यांनी वेठ नाकारली, त्याची हकीकत त्या लढ्याच्या नेत्या गोदावरी परुळेकरांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात आहे. ते वाचल्यावर कळतं, की आदिवासी आळशी असल्याची तक्रार करणारा माणूस त्यांनाच फुकट राबवून घेत होता. म्हणून माझं मत असं: जुनं वाक्य पुसू नये, त्याच्या गळ्यात बोलणाऱ्याचं नाव आणि साल अडकवावं, आणि शेजारी परुळेकरांची साक्ष ठेवावी. एवढं करूनही जो रोज येऊन ते नाव-साल खोडतो, त्याला खुशाल बाहेर काढावं. तेव्हा त्याच्या मतांची चौकशी करत बसायचं कारण नाही, वागणूक पुरेशी आहे.

पण प्रचालकच पूर्वग्रहाचे निघाले तर? क्रोएशियन विकिपीडियावर तसंच झालं. अतिउजव्या मंडळींच्या एका गटाने कारभार हातात घेतला. २०१३ मध्ये क्रोएशियाच्या शिक्षणमंत्र्यांना विद्यार्थ्यांना सांगावं लागलं, की यावर विसंबू नका. विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया फाउंडेशनचा त्यावरचा अहवाल यायला २०२१ उजाडलं. त्याच वर्षी सगळ्या विकिपीडियांसाठी एक आचारसंहिता जाहीर झाली. संहिता चांगली आहे, पण ती राबवायला माणसं लागतात, आणि लहान चावडीवर चार जण जमले तरी खूप.

ती माणसं इथेच आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार आजच्या पालघर जिल्ह्यात सुमारे ३७ टक्के लोक आदिवासी आहेत. जव्हार, विक्रमगड, तलासरीकडच्या कॉलेजांतल्या मुलामुलींना एक विनंती. आपल्या जमातीचं पान एकदा मोबाइलवर उघडा. चुकीचं वाक्य दिसलं तर ‘संपादन’ वर बोट ठेवा. कुणाची परवानगी लागत नाही.