मीटरला घोडा कळत नाही

चारशे फोटो काढलेस आणि त्यातला एकही ठेवण्यासारखा नाही. वारीतलं पुरंदवड्याचं गोल रिंगण वर्षातून एकदा होतं. माउलींचा अश्व तुझ्या डोळ्यांदेखत दौडत गेला, त्याच्या टापांखालची माती कपाळाला लावायला माणसं धावली, आणि तुझ्या फोटोत काय उतरलं? एक पुसट फराटा.

वर मला सांगतोस, ‘सर, मीटर शून्यावर होता.’ असणारच! मीटरला उजेड कळतो, घोडा कळत नाही. एफ ८, १/६० सेकंद, आयएसओ १००. ढगाळ आभाळाखाली उजेडाचा हिशेब चोख बसला, मान्य. पण तेवढ्या वेळात दौडता घोडा वीतभर पुढे सरकतो रे! शिवाय २०० मिलिमीटरची लेन्स नुसती हातात धरलेली. हाताची थरथर दिसू नये म्हणून तिला १/२०० तरी लागतो, हे पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं. म्हणून तर मागे स्तब्ध उभे असलेले वारकरीसुद्धा हललेत.

आता वहीत मांड. शटर १/६० वरून १२५, २५०, ५००, १०००. चार वेळा निम्मा, म्हणजे चार स्टॉप उजेड गेला, तो भरून काढायचा. अॅपर्चर ८ वरून ५.६, मग ४: दोन स्टॉप परत आले. आकडा लहान तेवढं भोक मोठं, यात अजूनही तुझा घोळ होतो. उरलेले दोन आयएसओ १०० वरून ४०० वर नेऊन. फोटो तितकाच उजळ, आणि घोड्याचे पाय हवेत स्वच्छ दिसले असते. मागची गर्दी थोडी धूसर झाली असती, तर होऊ द्यायची होती.

नॉइजच्या भीतीने आयएसओला हात लावत नाहीस. ही भीती कुणी घातली तुझ्या डोक्यात? ४०० ला आजच्या कॅमेऱ्यात दाणा शोधावा लागतो. आणि आलाच तर कमी करता येतो. फिसकटलेला घोडा मात्र कुठलंही सॉफ्टवेअर नीट करून देत नाही.

फोटो बिघडले याचा राग नाही. घोडा रिंगणात येण्याआधी तासभर तू तिथे उभा होतास आणि डायल एकदाही फिरवली नाहीस, याचा आहे.

उद्या सकाळी सातला मैदानावर ये. पोरं धावायला येतात. प्रत्येक फोटोआधी तिन्ही आकडे मला तोंडाने सांगायचे, मगच बटण दाबायचं.