धृपद धरणारे झिलगे

चवथीच्या दिवसांत मालवण-कुडाळकडच्या वाड्यांतून घरोघरी भजन फिरतं, तेव्हा बुवांच्या मागे दहा-बारा वर्षांचे झिलगे झांजा घेऊन बसलेले असतात. रूपाचा अभंग, गजर, गवळण सगळं तोंडपाठ; अर्थ विचारला तर एकमेकांकडे बघतात. मग ही भक्ती म्हणायची की पोपटपंची? भक्ती म्हणायची घाई नको, पण पोपटपंची म्हणणं साफ चूक आहे. बुवा ओळ अर्ध्यावर सोडतात, ती कोरसने नेमकी उचलायची असते. त्यासाठी मुलाला स्वतःपेक्षा शेजारच्याचा आवाज जास्त ऐकावा लागतो. जो वरचढ ओरडतो त्याच्या मांडीवर जाणत्याची थाप पडते. पोपटपंचीत शेजारच्याचं ऐकावं लागत नाही. भागवताच्या सातव्या स्कंधात नवविधा भक्ती सांगणारा प्रल्हाद हा मूलच आहे, आणि त्याच्या यादीत श्रवण पहिलं, कीर्तन दुसरं, आत्मनिवेदन अगदी शेवटचं. तुकोबांनीही आपल्या आत्मचरित्रपर अभंगात कबूल केलं आहे, की कीर्तनाला आरंभ केला तेव्हा चित्त अभ्यासात नव्हतं. आधी संतांची वचनं विश्वासाने पाठ केली आणि पुढे गाणाऱ्यांचं धृपद धरलं. पाठांतर आधी, उमज मागाहून, हा क्रम त्यांना कमीपणाचा वाटला नाही.

मुलाने हे कुठे निवडलं, असं कुणी म्हणेल. खरं आहे, पण भजनात त्याच्याकडे श्रद्धेची कबुली कुणी मागत नाही, समेवर ये एवढंच मागतात. उद्या तो नास्तिक झाला तरी ऐकायची सवय काही वाया जात नाही. डबलबारीचा आक्षेप मात्र मला खोडता येत नाही. दोन बुवा समोरासमोर बसले, सवाल-जबाब रंगले, की मागची मुलं बुवांची फौज होतात आणि ऐकण्याची जागा आवाज चढवण्याला जाते. रसिकांना ती रात्र गोड लागते, लागो. शिकवण्याची जागा ती नव्हे. आणखी एक गोष्ट. महिला भजन मंडळं आता गावोगाव आहेत, तरी बुवांच्या मागची ती बैठक बहुतेक मुलग्यांचीच. ऐकणं हीच भक्तीची पहिली पायरी असेल, तर जनाबाईचा अभंग झिलग्यांनी म्हणावा आणि चेडवांनी तो खळ्याच्या कडेला उभं राहून ऐकावा, याला शास्त्राचा कुठलाच आधार नाही. यंदाच्या चवथीला झांजेची एक जोडी त्यांच्याही हातात द्या.