टिटवी ओरडते तेव्हा

॥ श्री गुरुदेव दत्त ॥
गुरुवारचे निरूपण, सर्व कुटुंब-गटांसाठी
(महाराजांच्या बोलण्यावरून सेवेकऱ्यांनी उतरवून घेतले)

बाळांनो, एका ताईंचा प्रश्न आला आहे. नाव सांगत नाही.

ताई लिहितात, यजमानांना गळ टाकायचा नाद आहे, सासऱ्यांपासून आलेला. रविवारी पहाटे उठायचं, पिशवीत थर्मास आणि कणकेच्या गोळ्या घ्यायच्या आणि हातोदकडे यशवंतसागरच्या काठी जाऊन बसायचं. धाकटे दीर पक्षी मोजणाऱ्या मंडळींबरोबर फिरतात. चैत्रात एका रविवारी दोघे भाऊ एकाच काठावर समोरासमोर आले. दिरांनी चार लोकांदेखत सांगितलं, "दादा, ऊठ इथून, टिटवीची अंडी आहेत." दादा उठले, पण त्या दिवसापासून घरात अबोला. अक्षय्यतृतीयेचा आमरस दोन घरांत वेगवेगळा झाला. ताई विचारतात, चूक कोणाची? आणि खाली आणखी एक ओळ आहे, मासा मारल्याचं पाप मोठं की अंडं तुडवल्याचं?

पापाचा तराजू माझ्याकडे नाही. मासे खाणारी घरं आपल्यात आहेत, त्यांना मी कधी पंगतीतून उठवलेलं नाही. इथे प्रश्न ताटाचा नाही, काठाचा आहे. म्हणून आधी त्या काठावर काय असतं ते बघू.

उन्हाळ्यात तलावाचं पाणी मागे सरकतं आणि खडी-मातीचा मोकळा पट्टा वर येतो. आपल्याला वाटतं, रिकामी जागा आहे. टिटवीला तेच घर. घर म्हणजे काय, तर जमिनीत उथळ खळगा आणि भोवती चार खडे. त्यात बहुतेक चार अंडी, मातीच्या रंगाची, वर काळपट डाग. तुम्ही पायाशी बघत असलात तरी दिसणार नाहीत. चारेक आठवडे नर-मादी आळीपाळीने बसतात. आपल्याकडचं वैशाखातलं ऊन ठाऊक आहे ना? त्या उन्हात टिटवी पाण्यावर जाते, पोटाची पिसं भिजवून आणते आणि ओल्या पोटाने अंड्यांवर बसते. अंडी उबवायची असतात हे आपण शाळेत शिकलो. ही माउली ती थंड ठेवत असते.

आता तिथे माणूस येऊन बसला. त्याने काही केलं नाही, नुसता गळ टाकून बसला. टिटवी उठली, डोक्यावर घिरट्या घालत ओरडू लागली. कधी पंख मोडल्यासारखं सोंग करून ती त्याला दूर न्यायला बघते. माणूस बसलाय तोवर ती परतत नाही. अंडी उन्हात भाजतात, नाहीतर कावळा नेतो, बरोबर आणलेलं कुत्रं हुंगत जातं. दोन तासांनी माणूस घरी जातो आणि मनात म्हणतो, मी पाखराला हातसुद्धा लावला नाही. खोटं नाही ते. म्हणूनच कठीण आहे.

आणि आपण काय म्हणतो? टिटवी ओरडली, अपशकुन झाला! अरे, अपशकुन तिला झाला, तुम्हाला नाही.

हे मी दादांना म्हणत नाही, स्वतःला म्हणतोय. काही वर्षांपूर्वी आपणच एका तळ्याकाठी सत्संग केला होता. जाजम अंथरलं, कर्णा लावला, दीड तास भजन चाललं. डोक्यावर दोन टिटव्या सारख्या ओरडत होत्या. एकाने हाकलायला खडा मारला आणि मी हसलो. आरतीच्या तंद्रीत होतो ना! आज ते हसू आठवलं की घास गोड लागत नाही.

आपण दत्तसंप्रदायाचे. अवधूताने चोवीस गुरू केले, त्यांत मासा आहे हे सगळ्यांना ठाऊक. जिभेच्या मोहाने गळाला लागतो तो. पण त्याच चोवीसांत कुरर पक्षी आहे आणि मराठी याद्यांत त्याला टिटवीच म्हणतात. (जाणकार म्हणतील, टिटवी किडे खाते, मांसाचा तुकडा कुठून आणेल? बरोबर आहे, कुरर वेगळा असेल. पण आपल्या आजीने टिटवी सांगितली, राहू द्या.) तिच्या चोचीत तुकडा होता म्हणून बाकीचे पक्षी टोचत पाठी लागले. तिने तुकडा सोडला आणि मोकळी झाली. म्हणजे गळवाला ज्याला धरायला जातो तो मासा गुरू आणि ज्याच्या अंड्यांपाशी बसतो ती टिटवीही गुरू. काठावर दोन गुरू आणि आपण भांडतोय जागेवरून.

त्या गोष्टीत टिटवीजवळ सोडण्यासारखं काही होतं. आज तिच्या पोटाखाली अंडी आहेत, ती कशी सोडेल? तुकडा आपल्या चोचीत आहे. ज्याला उठून दुसरीकडे जाता येतं त्याने उठावं, मला एवढंच कळतं.

दादा म्हणतील, मीच का? ठीक, माउलींकडे जाऊ. ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात 'अहिंसा' या एका शब्दापाशी माउली किती रेंगाळल्या आहेत ते घरी उघडून बघा. अहिंसक माणूस पाऊल कसं टाकतो हे सांगताना त्यांनी बगळ्याचा दाखला दिलाय, भक्ष्यावर नजर ठेवून पाण्यात हलकेच पाय टाकणारा बगळा. म्हणजे मासे धरणाराच घेतला की उदाहरणाला! तेव्हा दादा, तुम्ही त्या ओवीच्या बाहेर नाही. पाऊल कुठे पडतं तेवढं बघा.

आता दीर. तुमचं म्हणणं खरं आहे. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात 'शिकार' या शब्दाच्या व्याख्येतच रानपक्ष्यांची अंडी फोडणं, घरटं विस्कटणं धरलं आहे. पण थोरल्या भावाला चारचौघांत 'ऊठ' म्हणायचं, हे कुठल्या कायद्यात आहे? दादांच्या मनात टिटवी सलत नाहीये, ते चार लोक सलताहेत. बाजूला नेऊन खळगा दाखवला असता तर ते स्वतःच उठले असते. आणि तुमच्यातले कॅमेरेवाले फोटोसाठी घरट्यापाशी तासभर बसतात तेव्हा? गळ काय आणि कॅमेरा काय, टिटवीच्या लेखी दोन्ही सारखेच.

हे भांडण आपल्याकडेच आहे असंही नाही. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनाच्या केप हॅटरस किनाऱ्यावर मूठभर वजनाच्या एका पक्ष्यासाठी, पायपिंग प्लोव्हरसाठी, घरट्यांच्या काळात वाळूचे काही भाग बंद ठेवतात. तिथे मासे धरायला गाड्या घेऊन येणारे चिडले, प्रकरण न्यायालयात गेलं. आपल्या राज्यात १६ जून ते १५ ऑगस्ट मासेमारी बंद असते, माशांच्या विणीसाठी. चांगलंच आहे. पण टिटवीची वीण मुख्यतः फाल्गुन ते ज्येष्ठ. म्हणजे माशाला सुट्टी मिळते, तोवर हिची पिल्लं निघालेली असतात, नाहीतर संपलेली. सारस तर ऐन पावसाळ्यात उथळ पाण्यात घरटं बांधतो आणि मध्य भारतात यशवंतसागर हा सारसांचा मोठा आधार मानला जातो. २०२२ साली यशवंतसागर आणि सिरपूर दोन्ही रामसर यादीत गेले, २०२५च्या जानेवारीत इंदूरला पाणथळ शहराचा मान मिळाला. आपण पेढे वाटले. काठावर कोण बसतं ते विचारलं नाही.

एक भेद मात्र विसरू नका. दादा हौसेने बसतात. ज्याचं पोट जाळ्यावर आहे त्याला 'तीन महिने त्या बाजूला जाऊ नको' म्हणायचं असेल, तर त्याच्या चुलीचा हिशोब आपण करायचा. अहिल्यामाईंनी काय केलं? जॉन माल्कमने १८२३ साली छापलेल्या मध्य भारतावरच्या ग्रंथात लिहून ठेवलंय. शेतकरी पाखरांना हाकलतात हे बघून बाईंना वाईट वाटे, म्हणून उभ्या पिकाची शेतं विकत घेऊन त्या पाखरांना मोकळी सोडत. लक्षात घ्या, विकत घेऊन. शेतकऱ्याला दटावून नाही. दया स्वतःच्या खजिन्यातून केली. आपल्या मंडळात पैसे जमतात ते फुलांवर आणि मांडवावर जातात. यंदा सेवेकऱ्यांनी काठावरच्या चार-पाच मच्छीमार घरांत जाऊन, बसून, विचारून यावं. काय द्यायचं ते त्यांच्याकडून ऐकल्यावर ठरवू.

वैशाखी पौर्णिमेचा तळ्याकाठचा सत्संग रद्द, तो मंदिराच्या अंगणात होईल. पाणी आपलं आपण न्यायचं.

ताई, यजमानांना सांगा, जिथे काठ दगडाने बांधलेला आहे, माणसांची रोजची ये-जा आहे आणि बसायला परवानगी आहे, तिथे गळ टाका. तुटलेला धागा खिशात घालून आणा, पाखरांच्या पायात अडकतो. आणि दिरांना सांगा, आज रात्री फोन तुम्ही करायचा, धाकटे आहात. गटावर संदेश नको, फोन. पिल्लं निघाली की दुर्बीण दादांच्या हातात द्या, लांबून दाखवा. जन्मल्या दिवशीच चालायला लागतात ती, कापसाच्या बोंडाला पाय फुटावेत तशी. हापूस संपला असेल तर काही बिघडत नाही, लंगडा अजून यायचाय.

॥ अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त ॥ 🙏