आठ तासांत आवडलेलं गाव

तीन वर्षांपूर्वी मुलाने आम्हां दोघांना क्रूझवर नेलं. मुंबईहून संध्याकाळी निघालेलं जहाज दुसऱ्या दिवशी सकाळी गोव्यात मुरगाव बंदराला लागलं. हातात आठ तास होते. जुन्या गोव्यात बॉम जेझूचं चर्च पाहिलं, गिलावा नसलेल्या जांभ्याच्या भिंतीला हात लावला, पणजीच्या रंगीत गल्ल्यांतून फिरलो, मासे खाल्ले आणि जहाजावर परतलो. किनारा मागे जाताना बायकोला म्हटलं, "आपल्याला गोवा मानवला बघ. परत येऊ, सवडीने."

कुंडलला आल्यावर हेच सगळ्यांना सांगत सुटलो. शेजारचे आप्पा म्हणाले, "आठ तासांत आवडलं म्हणजे नेमकं काय आवडलं, मास्तर?" प्रश्न चेष्टेतला होता, पण डोक्यातून गेला नाही. कारण हाच प्रकार आम्ही कुंडलकर उलट बाजूने नेहमी अनुभवतो. झरी पार्श्वनाथाच्या दर्शनाला लांबून गाड्या येतात. लोक डोंगर चढतात, दर्शन घेतात, फोटो काढतात आणि खाली येऊन म्हणतात, "किती शांत आहे हो तुमचं गाव!" ऐकायला बरं वाटतं. पण गळीत हंगामात रात्रभर उसाच्या ट्रॉल्या धडधडत जातात, ते त्यांना कसं कळणार? ते खोटं बोलत नसतात. त्यांना भेटलेलं गाव खरोखरच शांत असतं, एवढंच.

मग वाटलं, यावर उपाय सोपा आहे. जास्त दिवस राहायचं. गेल्या फेब्रुवारीत आम्ही मिरजेहून रेल्वेने वास्कोला गेलो आणि एका बाईंच्या घरात वरची खोली पंधरा दिवसांसाठी घेतली. पहिले दोन-तीन दिवस पुन्हा तेच कौतुक. मग गॅलरीच्या कठड्यावर हात ठेवला की बोटं काळी होतात, हे लक्षात यायला लागलं. मुरगाव बंदरात कोळसा उतरतो. त्याच्या धुळीविरुद्ध वास्कोकरांनी आंदोलनंही केली आहेत. मी बाईंना धूळ दाखवली. त्यांनी फडकं आणून हातात दिलं. "राहताय ना? मग तुम्हीच पुसा. मी रोज पुसते." मला राग यायला हवा होता. उलट बरं वाटलं. या गावाने पहिल्यांदाच माझ्याकडे काहीतरी मागितलं होतं.

पण दुसरी गोष्ट बरी वाटण्यासारखी नव्हती. बोलता बोलता कळलं, आमच्या आधी त्या खोलीत बंदरात काम करणाऱ्या एकाचं कुटुंब राहत होतं. दिवसावारी भाडं जास्त मिळतं म्हणून बाईंनी त्यांना दुसरीकडे पाहायला सांगितलं. विधवा बाई, एकटं घर. त्यांना दोष कोणत्या तोंडाने देऊ? आठ तासांचा पाहुणा असताना मी कुणाचीच जागा घेतली नव्हती. गाव नीट कळावं म्हणून राहायला आलो आणि त्या गावातलंच एक कुटुंब माझ्यासाठी हललं.

आपल्याकडे म्हणतात, एक दिवस पाहुणा, दुसऱ्या दिवशी पई, तिसऱ्या दिवशी राही त्याची अक्कल जाई. ही म्हण मला आजवर कंजूष वाटायची. आता वाटतं, ती यजमानाच्या चुलीकडे बघून केलेली आहे. पाहुण्याला मुक्काम वाढला की ओळख वाढल्यासारखं वाटतं. यजमानाचा मात्र खर्च वाढतो.

तरी दिवस मोजून याचं उत्तर मिळेल असं वाटत नाही, आणि त्याचा दाखला आमच्याच गावात आहे. १९४३ नंतरची दोन-तीन वर्षं सातारा जिल्ह्यात प्रतिसरकारची चळवळ चालली. कुंडल तेव्हा औंध संस्थानात होतं आणि भूमिगतांचं मोठं ठाणं होतं. जी. डी. बापू लाड इथलेच. भूमिगतांना एका घरात फार काळ राहता येत नसे. कुठे एक रात्र, कुठे एक भाकरी, पहाटे पुढची वाट. मुक्काम आमच्या आठ तासांएवढाच. पण दार उघडणाऱ्या घराने काय पणाला लावलंय हे आत येणाऱ्याला ठाऊक असे आणि तो ज्या कामाला निघालेला असे, ते त्या घराचंही काम असे. तेवढ्या वेळात जडलेली नाती पुढे आयुष्यभर टिकली.

म्हणजे आप्पांच्या प्रश्नाचं माझं उत्तर असं: आठ तासांत गाव आवडू शकतं. पण त्या आवडण्याची किंमत कोण देतंय हे विचारलं नाही, तर पंधरा दिवसांनीही आपण जहाजावरचेच प्रवासी राहतो.

बायको म्हणते, यंदा पुन्हा जाऊ. मी आधी बाईंना फोन करणार आहे. ते कुटुंब खोलीत परत आलं असेल, तर सकाळी जाऊन, भेटून, संध्याकाळच्या गाडीने परत येऊ. आलं नसेल तर काय करायचं, हे अजून ठरलेलं नाही.